सूर्यराजाला मिठाचा एक भाव का ठरवता आला नाही

फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी आणि मेन हे दोन प्रांत एकमेकांना लागून होते. दोन्हीकडे राजा तोच, देवळं तीच, मध्ये ना डोंगर ना समुद्र. तरी अठराव्या शतकात मेनमधल्या बाईला मिठासाठी ब्रिटनीतल्या शेजारणीच्या वीसपट किंवा त्याहूनही जास्त पैसे मोजावे लागत. मग व्हायचं तेच झालं. रात्री मीठ सरहद्द ओलांडू लागलं. पुरुष पाठीवर पोती घेऊन निघत, बाया झग्याखाली पिशव्या बांधत आणि कुत्र्यांनाही या धंद्यात जुंपलं जाई. कुत्रं मेनच्या बाजूला पाळायचं, ब्रिटनीत नेऊन उपाशी ठेवायचं आणि अंगाला मिठाची थैली बांधून सोडून द्यायचं. भुकेलं कुत्रं पहारेकऱ्यांना चुकवत थेट घर गाठी.

मिठावरच्या या कराचं नाव गाबेल. जिथे तो पूर्ण लागू होता तिथे मीठ फक्त सरकारी कोठारातूनच घ्यायचं, आणि घ्यायचंच. १६८० च्या वटहुकमाप्रमाणे आठ वर्षांवरच्या दर १४ माणसांमागे वर्षाला एक ‘मिनो’, म्हणजे जवळजवळ ५० किलो मीठ उचलणं सक्तीचं होतं. तेही फक्त स्वयंपाकासाठी आणि ताटात वाढून घेण्यासाठी. डुकराचं मांस खारवून ठेवायचं असेल तर त्याचं मीठ वेगळं विकत घ्यायचं. सक्तीच्या मिठातलं उरलेलं खारवणाला वापरलं तर तो गुन्हा. हत्यारबंद टोळीत मीठ चोरून आणताना सापडलेल्या माणसाची रवानगी गॅलीवर, साखळदंडात वल्ही मारायला.

हे सगळं ज्याच्या नावाने चालायचं तो ‘सूर्यराजा’ लुई चौदावा म्हणजे निरंकुश राजेशाहीचा नमुना मानला जातो. १६४३ मध्ये पाचवं वर्ष पुरं व्हायच्या आत तो गादीवर आला, १६६१ पासून त्याने मुख्य मंत्री नेमणंच बंद करून कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि १७१५ मध्ये मरेपर्यंत तो सोडला नाही. मग त्याने एक हुकूम काढून मिठाचा भाव देशभर सारखा का केला नाही? त्याचा अर्थमंत्री कॉलबेर याला तर असली एकसारखी व्यवस्था मनापासून आवडणारी होती.

कारण तो हक्क राजाकडे उरलाच नव्हता. ब्रिटनी १५३२ मध्ये फ्रान्सला जोडली गेली ती करारावर: तिथल्या प्रांतसभेच्या संमतीशिवाय नवा कर बसवायचा नाही. नैर्ऋत्येकडच्या प्रांतांनी १५४८ मध्ये गाबेलविरुद्ध मोठं बंड केलं. ते चिरडलं गेलं, पण पुढच्या पाच वर्षांत त्याच प्रांतांनी राजाला एकरकमी रोकड मोजून गाबेलपासून कायमची सुटका विकत घेतली. राजाला युद्धासाठी पैसे हवे होते, त्याने ते घेतले. त्याच्या वंशजांना मात्र तो सौदा मोडता येईना.

फ्रान्सच्या निरंकुश राजेशाहीची गोम इथे आहे. राजाच्या वर कोणी नव्हतं हे खरं. पण त्याच्या खालचं जवळजवळ सगळं कधी ना कधी विकलं गेलेलं, गहाण पडलेलं किंवा करारात बांधलेलं होतं.

‘निरंकुश’ म्हणजे मनाला येईल ते नव्हे

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य लुई चौदाव्याने १६५५ मध्ये पॅरिसच्या न्यायाधीशांना सुनावलं, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली आहेत. तो असं म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. याच्या अगदी जवळ जाणारं एक वाक्य फ्रान्सच्या एका राजाने खरोखर उच्चारलं, पण तो राजा दुसरा आणि प्रसंगही दुसरा. त्याकडे शेवटी येऊ.

रोमन कायद्यात एक जुनं वचन होतं: राजा कायद्यांपासून मोकळा असतो. युरोपीय भाषांतला ‘ॲब्सोल्यूट’ हा शब्द या ‘मोकळा’वरूनच आला. अर्थ इतकाच, की राजाने केलेला कायदा राजा बदलू शकतो आणि त्याला जाब विचारणारं मानवी न्यायासन नाही. ईश्वराचा कायदा, निसर्गाचा कायदा आणि राज्याचे ‘मूलभूत कायदे’ यांतून तो मोकळा नव्हता. सार्वभौमत्वाची कल्पना १५७६ मध्ये ठाशीवपणे मांडणारा झाँ बोदँ याच वर्षी ब्ल्वा इथल्या सभेत सामान्यांचा प्रतिनिधी म्हणून बसला, आणि राजाला पैशासाठी राजघराण्याच्या जमिनी कायमच्या विकायच्या होत्या तेव्हा त्याने विरोध केला. राजसत्तेचा हा सर्वात मोठा भाष्यकार राजालाच सांगत होता, की जमीन राज्याची आहे, तुम्ही तिचे फक्त वहिवाटदार आहात.

मूलभूत कायदे कुठे एका कागदावर लिहिलेले नव्हते, पण ते कोणते हे सगळ्यांना ठाऊक होतं. गादी पुरुष वारसाकडेच आणि ठरलेल्या क्रमानेच जाईल. राजा कॅथलिक असेल. राज्याची जमीन विकली जाणार नाही. लुईने म्हातारपणी यातला पहिला नियम वाकवून पाहिला. औरस वारस पटापट मरत होते, म्हणून १७१४ मध्ये त्याने आपल्या दोन अनौरस पण मान्यता दिलेल्या मुलांना वारसांच्या यादीत घातलं आणि मृत्युपत्रात त्यांतल्या थोरल्याला बालराजाच्या सांभाळाचे मोठे अधिकार दिले. १ सप्टेंबर १७१५ ला राजा वारला. २ सप्टेंबरला पॅरिसच्या न्यायाधीशांनी मृत्युपत्र बाजूला सारलं. बहात्तर वर्षं गादीवर बसलेल्या माणसाची शेवटची इच्छा एक दिवस टिकली. १७१७ मध्ये त्या मुलांचा वारसाहक्कही गेला.

डेन्मार्कमध्ये याचीच गंमतशीर आवृत्ती सापडते. तिथे १६६५ मध्ये फ्रेडरिक तिसऱ्याने राजाच्या अमर्याद सत्तेचा चक्क लेखी कायदा केला, आणि कित्येक वर्षं तो गुप्तच ठेवला. त्यातही राजाला काही गोष्टींची मनाई होती: ल्यूथरपंथ सोडायचा नाही, राज्याची वाटणी करायची नाही आणि हा कायदा बदलायचा नाही. अमर्याद सत्तेलासुद्धा स्वतःची मर्यादा लिहून ठेवावी लागली.

राजाची इच्छा ते कायदा: मधला रस्ता

राजाने दरबारात ‘असं करा’ म्हटलं की देशभर तसं होई, हे चित्र मनातून काढून टाकायला हवं. आधी राजाच्या मंत्रणासभेत मसुदा ठरे. चॅन्सेलर, म्हणजे राजाचा शिक्का सांभाळणारा न्यायखात्याचा प्रमुख, त्यावर शिक्का मारी. कायमच्या कायद्याला हिरव्या मेणाचा. मग तो पार्लमाँकडे जाई. हा शब्द इंग्लंडच्या पार्लमेंटशी गल्लत करणारा आहे, पण पार्लमाँ म्हणजे निवडून आलेली सभा नव्हे, उच्च न्यायालय. पॅरिसच्या पार्लमाँचं कार्यक्षेत्र जवळजवळ एक तृतीयांश देशाचं. बाकीच्या भागांत तुलूझ, बोर्दो, रेन, ग्रनोब्ल अशी इतर पार्लमाँ. न्यायाधीशांनी कायदा आपल्या वहीत नोंदवला की मगच त्यांच्या हद्दीत त्याची अंमलबजावणी व्हायची. नोंद नाही, तर न्यायालयात तो कायदा नाही.

नोंदणीआधी न्यायाधीश हरकती लिहून पाठवू शकत: हे जुन्या कायद्याशी विसंगत आहे, ते अमुक प्रांताच्या कराराविरुद्ध आहे. राजा त्यावर ‘नोंदवा’ असं आज्ञापत्र धाडी. ते पुन्हा हरकती पाठवत. दोन-तीन फेऱ्या झाल्या की राजाकडे शेवटचं हत्यार उरे: स्वतः जाऊन बसणं. पार्लमाँच्या मोठ्या दालनात कोपऱ्यात छताखाली गाद्यागिर्द्यांचं उंच आसन मांडलं जाई. त्याला ‘न्यायाची शय्या’ म्हणत. राजा तिथे बसला की नोंदणी व्हायचीच. यामागचा तर्क आपल्याला चटकन कळेल असा आहे. न्यायाधीश हे राजाचे मुखत्यार. मूळ मालक दारात येऊन उभा राहिला की मुखत्यारपत्राला अर्थ उरत नाही.

मग अडतं कुठे? राजा परत गेल्यावर. न्यायाधीश दुसऱ्या दिवशी ठराव करत की झालेली नोंदणी बेकायदा आहे. हरकती छापून रस्त्यावर विकल्या जात. तेवढ्यावर भागलं नाही तर ते खटले चालवणंच थांबवत. हा संप राजाला जड जाई, कारण न्यायदान हेच राजाचं पहिलं कर्तव्य समजलं जाई आणि वारसा, गहाणखतं, दिवाळखोरी, सगळी प्रकरणं तुंबून राहत. राजा चिडून न्यायाधीशांना पॅरिसबाहेर धाडी. १७२०, १७५३, १७८७: पॅरिसच्या पार्लमाँला हद्दपारी पुन्हा पुन्हा घडली आणि प्रत्येक वेळी वाटाघाटी होऊन मंडळी परत आली.

लुई चौदाव्याने १६७३ मध्ये यावर एक साधा उपाय काढला होता: आधी नोंदवा, हरकती नंतर. त्याच्या हयातीत तो चालला. पण १७१५ मध्ये मृत्युपत्र मोडून घ्यायला राजप्रतिनिधी ओर्लेआँच्या ड्यूकला न्यायाधीशांची मदत हवी होती. त्याने मोबदल्यात आधी हरकत घेण्याचा हक्क परत देऊन टाकला. पुढची ७० वर्षं राजघराण्याने या एका सौद्याची किंमत मोजली.

खुर्ची विकली की मालक बदलतो

इथे कोणीही विचारेल, की इतका त्रास देणारे न्यायाधीश राजाने काढून का टाकले नाहीत. उत्तर: त्यांच्या खुर्च्या त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या होत्या.

फ्रान्समध्ये न्यायाधीश, खजिनदार, कर ठरवणारे, कोठारावरचे अधिकारी अशी पदं राजा रोख घेऊन विके. पद घेणाऱ्याला दरवर्षी ठरावीक पगार मिळे. हा पगार कामाचा मोबदला कमी आणि भरलेल्या भांडवलावरचं व्याज जास्त. थोडक्यात, पदविक्री म्हणजे राजाने काढलेलं कर्जच, ज्याचं मुद्दल कधी फेडायचं नसतं. विकत घेतलेलं पद दुसऱ्याला देताही येई, पण एक अट होती. देणारा त्यानंतर ४० दिवसांच्या आत मेला तर पद राजाकडे परत. म्हणजे मरण जवळ आलं की सगळं कुटुंब दिवस मोजत बसणार. १६०४ मध्ये चौथ्या हेन्रीने यातून वाट काढून दिली. पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरा, मग ४० दिवसांची भानगड नाही, पद पोराकडे जाईल. वसुलीचा मक्ता पोले नावाच्या माणसाकडे होता म्हणून या पट्टीला ‘पोलेत’ नाव पडलं. त्यानंतर पदांच्या किमती भराभर चढल्या.

१६६० च्या दशकात कॉलबेरने मोजदाद करून घेतली तेव्हा अशी ४५ हजारांच्या आसपास पदं निघाली, आणि त्यांत अडकलेलं भांडवल ४० कोटी लिव्रच्या (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) वर. राजाच्या चार वर्षांच्या उत्पन्नाहून मोठी रक्कम. कोणालाही हाकलायचं तर आधी त्याचे पैसे परत करा. पैसे असते तर पद विकलं कशाला असतं?

मराठी वाचकाला इथे वतन आठवेल, आणि ते बरोबरच आहे. लुई वारला साधारण त्याच सुमारास लिहिल्या गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना ‘राज्याचे दायाद’, म्हणजे राज्यातले वाटेकरी, म्हटलं आहे. फरक असा, की आपल्याकडचं वतन बहुधा सेवेतून, वहिवाटीतून किंवा जुन्या सनदेतून आलेलं असे. फ्रान्सच्या राजाने आपले दायाद स्वतः, छापील दराने, तयार केले.

युद्ध लांबलं की विक्रीला ताळतंत्र राहत नसे. एकाच कामाचे दोन-तीन अधिकारी नेमून त्यांना आळीपाळीने वर्षं वाटून दिली जात. १६९० च्या दशकापासून तर अंत्ययात्रेची दवंडी पिटणारे, बाजारात डुकरांच्या जिभा तपासून रोग ओळखणारे, अशीही पदं राजाच्या शिक्क्याने विकली गेली. १६९२ मध्ये बहुतेक शहरांची महापौरपदं विक्रीला निघाली. परका माणूस डोक्यावर बसू नये म्हणून कित्येक शहरांनी कर्ज काढून आपल्याच महापौराची खुर्ची विकत घेतली. १७१७ मध्ये ही पदं रद्द झाली, १७२२ मध्ये परत विक्रीला आली. शहरांनी पुन्हा पैसे भरले.

यात राजाचं नुकसान दुहेरी. वरची काही पदं विकत घेतली की उमरावपद मिळे, लोक अशा पदाला ‘गावठ्यांचा साबण’ म्हणत. आणि उमरावाला ‘ताय’ हा मुख्य प्रत्यक्ष कर देशाच्या बहुतेक भागात माफ होता. म्हणजे राजा आज रोकड घेऊन उद्याचा करदाता गमावत होता, तोही गावातला सर्वात पैसेवाला.

पोलेत पट्टी किती नाजूक जागा होती ते १६४८ मध्ये दिसलं. तिचं नूतनीकरण करायचं तर चार वर्षांचा पगार सोडा, असं सरकारने पॅरिसच्या इतर वरिष्ठ न्यायालयांना सांगितलं. पार्लमाँला त्यातून वगळलं होतं, फूट पडावी म्हणून. उलट सगळी न्यायालयं एकत्र बसली आणि मागण्यांची यादीच समोर आली. ऑगस्टमध्ये ब्रूसेल नावाच्या म्हाताऱ्या न्यायाधीशाला अटक झाली आणि पॅरिसमध्ये हजाराहून जास्त अडथळे रस्त्यांवर उभे राहिले. फ्राँद म्हणून ओळखलं जाणारं हे बंड १६५३ पर्यंत चाललं. जानेवारी १६४९ मध्ये दहा वर्षांच्या लुईला रात्रीतून शहर सोडून पळावं लागलं.

तीस माणसं आणि दोन कोटी लोक

विकलेल्या पदांना वळसा घालण्यासाठी राजाने एंतांदाँ, म्हणजे प्रांतांचा कारभार पाहणारे अधिकारी, नेमले. हे पद विकलं जात नसे, राजाची नेमणूक, कधीही परत बोलावता येणारी. अठराव्या शतकात असे तीसेक अधिकारी, आणि लोकसंख्या दोन कोटींच्या वर. प्रत्येकाच्या हाताखाली मूठभर कारकून आणि गावोगावचे दुय्यम प्रतिनिधी, जे त्याच भागातले, तिथल्याच सोयरिकीतले. पॅरिसहून तुलूझला घोडागाडीने जायला दोन आठवडे लागत. वाटेत भाषा बदलायची, मापं बदलायची, कायदाही बदलायचा: उत्तरेला रूढीचा कायदा, दक्षिणेला रोमन.

त्यामुळे शहाणा एंतांदाँ हुकूम सोडण्याऐवजी माणसं जोडायचा. दक्षिणेतल्या लाँगदॉक प्रांतात बिशप, जहागीरदार आणि शहरांचे प्रतिनिधी यांची सभा राजाला दरवर्षी किती रक्कम द्यायची ते ठरवी. पूर्वी त्यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस चाले. १६७० च्या दशकापर्यंत ती जवळजवळ थांबली. लुईने त्यांना दरडावलं म्हणून? थोडंफार. पण मुख्य कारण असं, की गोळा होणाऱ्या करातला बराच भाग पगार, व्याज, मक्ते आणि मानधनाच्या रूपाने याच मंडळींच्या घरी परत जात होता. भूमध्य समुद्राला तुलूझजवळ गारोन नदीशी जोडणारा २४० किलोमीटरचा कालवा १६६६ ते १६८१ मध्ये याच भागीदारीवर खणला गेला. राजा, प्रांतसभा आणि मक्तेदार रिके या तिघांनी पैसा घातला. राजा बलवान दिसत होता, कारण स्थानिक बड्यांना त्याचं बळ फायद्याचं होतं.

हे सगळं वाचून राजा म्हणजे नुसतं बाहुलं असं वाटू लागेल, आणि काही अभ्यासक त्या टोकाला गेलेही. ते मला पटत नाही. युद्ध कधी आणि कोणाशी करायचं हे एकटा राजा ठरवी. बंद पाकिटातल्या एका चिठ्ठीवर कोणालाही खटल्याविना कोठडीत टाकता येई. १६८५ मध्ये लुईने प्रोटेस्टंटांना ८७ वर्षांपूर्वी दिलेली धर्मस्वातंत्र्याची सनद रद्द केली. त्याआधीच त्यांच्या घरांत सैनिक घुसवून धर्मांतरं सुरू झाली होती. दोन लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली, आणि एकाही पार्लमाँने हरकत घेतली नाही. १६७५ मध्ये ब्रिटनीत मुद्रांकाच्या कागदावरून दंगे झाले तेव्हा रेनचं पार्लमाँ उचलून व्हान गावी नेलं ते १६९० पर्यंत तिथेच राहिलं. राजाला अडवायला कोणाच्या तरी मालकीला हात लागावा लागे. प्रोटेस्टंटांच्या जिवाला लागून भागत नसे.

ज्याला जाब विचारता येत नाही त्याला उधार कोण देणार?

आता मुख्य मुद्दा, पैसा. राजाने उमरावांवर कर बसवलाच नाही असं नाही. १६९५ मध्ये कापितासियाँ हा डोईकर आला. साऱ्या प्रजेचे २२ वर्ग केले. पहिल्या वर्गात खुद्द युवराज, त्याला २,००० लिव्र. शेवटच्या वर्गाला एक लिव्र. कागदावर क्रांतीच. पण चर्चने एकरकमी पैसे देऊन अंग काढून घेतलं, उमरावांची आकारणी सैल हाताने झाली आणि काही वर्षांतच सामान्यांसाठी तो ‘ताय’चाच वाढीव तुकडा बनला. नंतरच्या प्रत्येक सार्वत्रिक कराची गत थोड्याफार फरकाने हीच.

मग उरतं कर्ज. सावकार दोन गोष्टी पाहतो: ऋणको फेडू शकेल का, आणि नाही फेडलं तर मी काय करू शकेन. राजाच्या बाबतीत दुसऱ्याचं उत्तर ‘काहीही नाही’ असं होतं. त्याच्यावर दावा लावायला न्यायालय नव्हतं. उलट राजाच अधूनमधून सावकारांवर खटले भरी. १६६१ मध्ये अर्थखात्याचा प्रमुख फूके याला नाँतमध्ये अटक झाली आणि पाठोपाठ खास न्यायालय बसवून धनकोंकडून मोठमोठे दंड वसूल केले गेले. लोकांना ते आवडलं. पण पुढच्या वेळी कर्ज देणाऱ्याने या जोखमीची किंमत व्याजात आधीच धरली. शब्द मोडण्याचा अधिकार जितका मोठा, तितकं व्याज चढं.

म्हणून राजा दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढी. १५२२ पासून पॅरिसच्या नगरसभागृहाच्या नावाने रोखे निघत. बर्गंडीची प्रांतसभा स्वतःची पत वापरून ५ टक्क्यांनी पैसे उचलून राजाला पुरवत असे. लोक प्रांतसभेला आनंदाने देत, कारण तिचं उत्पन्न ठरलेलं आणि तिला कोर्टात खेचता येई. राजाच्या राज्यातला एक प्रांत राजापेक्षा पतदार होता! अप्रत्यक्ष कर गोळा करण्याचा मक्ताही असाच. १६८० च्या दशकापासून चाळीसेक भांडवलदारांचा गट सहा-सहा वर्षांचा मक्ता घेऊन राजाला आगाऊ रक्कम देई. मिठाच्या सरहद्दीवरचे पहारेकरी त्यांच्याच नोकरीत होते. म्हणजे गाबेल रद्द करायची तर आधी या मक्तेदारांची उचल फेडायला हवी.

समोर इंग्लंड. तिथे १६७२ मध्ये चार्ल्स दुसऱ्याने सराफांची देणी एका हुकमासरशी थांबवली होती. पण १६८८ च्या सत्तांतरानंतर कर आणि कर्ज पार्लमेंटच्या हाती आलं. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने १२ लाख पौंडांचं कर्ज ८ टक्क्यांनी उभं केलं, आणि व्याजासाठी जहाजांवरचा आणि दारूवरचा कर कायद्याने राखून ठेवला. दोन आठवड्यांच्या आत रक्कम भरली. शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडचं सरकार ३ टक्क्यांनी कर्ज घेत होतं. हात बांधलेल्या राजाला पैसा स्वस्त मिळाला.

फ्रान्सने याच्या उलट केलं. १७७० मध्ये अर्थमंत्री तेरे याने देणी पुन्हा कापली. नंतर ग्राहक मिळावा म्हणून आजीव वर्षासनं विकायला काढली: आज रक्कम भरा, ज्याचं नाव लावाल तो जिवंत आहे तोवर दरवर्षी १० टक्के घ्या. दर सर्व वयांना सारखा, साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला आणि पाच वर्षांच्या पोरीला एकच! जिनिव्हाच्या बँकवाल्यांनी हे हेरलं. त्यांनी सुखवस्तू घरातल्या, देवी येऊन गेलेल्या, धडधाकट अशा तीस लहान मुली निवडल्या, त्यांच्या नावावर वर्षासनं घेतली, सगळी एकत्र करून त्यांचे हिस्से गुंतवणूकदारांना विकले आणि मुलींच्या तब्येतीवर डॉक्टरांची नजर ठेवली. एखादी मुलगी आजारी पडली की अख्खं शहर काळजीत. मुली जगत राहिल्या, फ्रान्स पैसे भरत राहिला.

त्यात १७७८ ते १७८३ चं अमेरिकेतलं युद्ध, खर्च अब्ज लिव्रच्या वर आणि बहुतेक सगळा कर्जाने. १७८८ च्या हिशेबात सरकारचा खर्च ६२.९ कोटी आणि उत्पन्न ५०.३ कोटी. खर्चातले ३१.८ कोटी नुसते कर्जापायी. व्हर्साय, दरबार, राणीचे दागिने यांच्यावर सगळं खापर फोडायची पद्धत आहे, पण दरबाराचा वाटा सुमारे ६ टक्के होता.

‘मला हवं आहे म्हणून कायदेशीर’

लुई पंधराव्याने एकदा गाठ कापायचा प्रयत्न केला होता. जानेवारी १७७१ मध्ये चॅन्सेलर मोपूने बंदूकधारी सैनिकांकरवी रातोरात न्यायाधीशांना घरी चिठ्ठ्या पोचवल्या, त्यांना हद्दपार केलं, पदं जप्त करून नुकसानभरपाई कबूल केली आणि पगारी न्यायाधीश नेमले. व्यवस्था चालूही लागली. पण १७७४ मध्ये राजा वारला आणि विशीतल्या लुई सोळाव्याने लोकप्रियतेसाठी जुनी पार्लमाँ परत आणली. माझ्या मते राजेशाहीची शेवटची खरी संधी तेव्हाच गेली.

फेब्रुवारी १७८७ मध्ये अर्थमंत्री कालॉनने १४४ निवडक बड्या लोकांची सभा बोलावली: सर्वांच्या जमिनीवर सारखा कर मान्य करा. त्यांनी आधी हिशेब मागितले, मग कालॉनला घालवलं. पार्लमाँ म्हणालं, नवा कर फक्त राष्ट्रसभाच, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि सामान्य या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभाच, देऊ शकते. ही सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती.

१९ नोव्हेंबर १७८७ ला लुई सोळावा पॅरिसच्या पार्लमाँमध्ये स्वतः आला. पाच वर्षांत ४२ कोटी लिव्रचं कर्ज काढायचं होतं. तासन् तास भाषणं झाली. मतं मोजली जाणार अशी न्यायाधीशांची समजूत होती. राजाने मोजणी न करताच नोंदणीचा हुकूम दिला. त्याचा भाऊबंद ओर्लेआँचा ड्यूक उठला आणि अडखळत म्हणाला, हे बेकायदा आहे. गोंधळलेला राजा उत्तरला: कायदेशीर आहे, कारण मला ते हवं आहे.

आजोबाच्या पणजोबाने जे म्हटलं नव्हतं ते या सर्वात दुबळ्या वारसाने म्हटलं. ड्यूक हद्दपार झाला, दोन न्यायाधीश कैदेत गेले, पण धनको बिथरले. जून १७८८ मध्ये ग्रनोब्लमध्ये लोकांनी आपल्या न्यायाधीशांसाठी छपरांवरून सैनिकांवर कौलं फेकली. ८ ऑगस्टला राजाने राष्ट्रसभा बोलावल्याचं जाहीर केलं. १६ ऑगस्टला खजिन्याने रोखीची काही देणी थांबवली. ५ मे १७८९ ला व्हर्सायमध्ये सभा भरली. खेड्यापाड्यांतून आलेल्या तक्रारींच्या वह्यांत गाबेल रद्द करा ही मागणी सारखी दिसते.

मार्च १७९० मध्ये गाबेल गेली. सोळा वर्षांनी, १८०६ मध्ये, नेपोलियनने मिठावर पुन्हा कर बसवला. या वेळी तो मीठ बाहेर पडतानाच आगरावर घेतला जाई, आणि त्याचा दर ब्रिटनीतही तोच होता.